लाल दोऱ्याचं गिलकं

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बोलायला कुणी नव्हतं, असं म्हणून मोकळं होता आलं असतं – पण ते खरं नाही. महिन्यातून एकदा वीस-पंचवीस माणसं माझ्यासमोर बसतात, "काका, चहा घ्या" म्हणतात. त्यांतल्या एकालाही सांगितलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

आधी माझ्याबद्दल. नाशकात, अंबडच्या एका कारखान्यात मी सगळी नोकरी काढली, माल तपासायच्या खात्यात. पास की रिजेक्ट, एवढंच ठरवायचं. लग्न राहून गेलं. का, ते मोठं पुराण आहे आणि त्याचा इथे संबंध नाही. आई होती तोवर घरात शिरताना "आलास का रे?" असं कुणीतरी विचारायचं. आई गेली, पाठोपाठ मी रिटायर झालो. पाथर्डी फाट्याजवळ आमचा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. एकदा सकाळी दूधवाल्याशी बोलायला गेलो तर आवाजच फुटेना. मग लक्षात आलं – अरे, आपण कालपासून बोललोच नाही आहोत! खाकरून खाकरून शेवटी "अर्धा लिटर" म्हणालो.

तर अशा दिवसांत मी त्या सेंद्रिय बागवाल्यांच्या क्लबात गेलो. बागेची आवड? छे. आईची तुळससुद्धा मी वाळवली होती. पण दर पहिल्या रविवारी कुणा ना कुणाच्या गच्चीवर बैठक असते, आणि कुणीही आलं तरी चालतं, असं खालच्या किराणावाल्याने सांगितलं. "कुणीही" हा शब्द मला फार आवडला.

क्लबाच्या चालीरीती गमतीच्या. आपला कप आपण आणायचा. आपल्या बागेतलं काहीतरी आणायचं, एक मिरची का होईना. युरियाचं नाव काढलं की सगळे असे बघणार, जणू देवघरात चप्पल घालून आलात. शेण-गोमूत्राच्या जीवामृताच्या वासात बसून पोहे खायची सवय व्हायला मला वेळ लागला. पण झाली. आणि आमचे बर्वे सर – क्लबाचे सर्वेसर्वा, शाळेत विज्ञान शिकवायचे – त्यांनी एक चाल पाडली होती, बी पाळायला देण्याची. खेड्यात शेळी वाट्याने पाळायला देतात ना, तसंच. मे महिन्याच्या बैठकीत ज्याच्याकडे जुनं घरगुती बी असेल त्याने ते दुसऱ्याला द्यायचं. घेणाऱ्याने वेल वाढवायचा, खायचं तेवढं खायचं, पण चांगल्यातलं चांगलं फळ बियाण्याला राखायचं, वेलावरच वाळू द्यायचं. त्याला लाल दोरा बांधायचा. दोरा बांधलेल्या फळाला कुणी हात लावायचा नाही, घरधन्यानेही नाही. पुढच्या मे महिन्यात घेतलं त्याच्या दुप्पट बी परत करायचं.

विमलताईंनी मला गिलक्याचं – तुम्ही घोसाळं म्हणत असाल – बी दिलं.

विमलताई मूळच्या नामपूरच्या. मुलगा-सून इथे नोकरीला, म्हणून त्या नाशकात. बोलायला एकदम मोकळ्या, आणि रंगात आल्या की सरळ अहिराणीत शिरायच्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी मला "भाऊ" म्हटलं. तोवर मी साहेब होतो, अंकल होतो, "तीनशे चारवाले" होतो. भाऊ कुणाचाच नव्हतो. हे मी बचावासाठी सांगत नाही – पण त्या हाकेसाठी मी दर महिन्याला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जायचो, हे खरं आहे.

ते गिलकं त्यांच्या आईचं. आखूड, जाडं, अंगावर फिकट पट्टे. चिरलं की ताज्या दुधासारखा वास. नामपूरला आता भावजय पाकिटातलं बी लावते, कुंपणावरचा जुना वेल कधीच गेला. ताईंनी मूठभर बी इतकी वर्षं राखेत जपलं होतं. मुलाने जुनं घर सोडून फ्लॅट घेतला, तिथे ऊन येत नाही. बी जुनं झालंय, यंदा पडलं नाही तर पुढच्या वर्षी रुजायचं नाही, म्हणाल्या – आणि सगळंच्या सगळं माझ्या ओंजळीत दिलं. मागे काही ठेवलं नाही. मी विचारलंसुद्धा, "थोडं तुमच्याकडे ठेवा की." तर म्हणाल्या, "भावाकडं दिलं म्हंजे घरातच राह्यलं ना."

वेल चांगला आला. मलाच खरं वाटेना. कठड्यावर चढला, टाकीवर गेला, पिवळ्या फुलांनी भरला. आणि गिलकी लागली. आता इथे जरा थांबतो.

तुम्ही कधी कारण नसताना शेजाऱ्याची बेल वाजवली आहे? मी नाही वाजवू शकत. दार उघडल्यावर काय म्हणायचं? पण हातात दोन कोवळी गिलकी असली की सगळं सोपं होतं. "घरची आहेत, औषध नाही मारलेलं." की लगेच "अरे काका, या ना आत!" समोरच्या घरात मी त्या आधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या श्रावणात मी त्यांच्याकडे दोनदा जेवलो. वॉचमनच्या बायकोने गिलक्याची भाजी कशी करतात ते पायरीवर बसून सांगितलं. रोज सकाळी गच्चीवर जायचं, कोवळं फळ दिसलं की तोडायचं, आणि आज कोणतं दार, ते ठरवायचं. दोरा? बांधू की. पुढच्या फळाला बांधू. वेल भरलेला होता, घाई काय होती!

दसरा झाला आणि वेल उतरायला लागला. पानांवर पांढरी भुकटी धरली. तेव्हा मात्र घाबरलो आणि शेंड्याकडच्या दोन फळांना लाल दोरा बांधला. बांधताना हात जोडावेसे वाटले, इतकं हायसं झालं. बर्वे सरांना फोन करून सांगितलंही – दोरा बांधला म्हणून. सर म्हणाले, "वा! मग पुढची बैठक तुमच्याच गच्चीवर."

माझ्या घरी बैठक. आई गेल्यापासून त्या घरात चार माणसं एकदम आली नव्हती. मी सतरंज्या धुतल्या. समोरच्यांकडून पातेलं आणलं. आणि मनात घेतलं की भजी करायची तर ताईंच्याच गिलक्याची. बाकीच्या वेलावर पाहिलं – बोटभर वाकडी दोन-तीन, तीही किडकी. बाजारातली आणता आली असती. पण ताईंना कळलं असतं ना! त्यांच्यासमोर त्यांच्या आईचं गिलकं ठेवायचं होतं मला. त्यांनी सगळ्यांदेखत म्हणायला हवं होतं की भावाने नाव काढलं.

दोरा बांधलेली दोन्ही फळं अजून कोवळी होती. सकाळी त्यांच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. वेल आणखी एखादं फळ देईल, असं स्वतःला समजावलं. माल तपासण्यात आयुष्य गेलेला माणूस मी, मरायला टेकलेला वेल मला ओळखता येत नव्हता? येत होता. दोरे सोडले, खिशात घातले आणि फळं तोडली.

पातळ चकत्या केल्या, म्हणजे सगळ्यांना पुरतील. ताईंनी पहिलं भजं तोंडात घातलं आणि डोळे मिटले. गाल हलायचे थांबले. मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "मन्ही माय उनी हो, भाऊ." माझी आई आली. मला आयुष्यात इतकं कुणी दिलेलं नाही, जेवढं त्या एका वाक्याने दिलं. आणि मग त्यांनी सहज विचारलं, "दोरा बांधेल शे ना?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हणालो, "हो तर. वर टाकीमागे आहे." खिशात हात होता. दोरे बोटांना लागत होते. कुणी टाकीपर्यंत चढून पाहिलं नाही. का पाहतील?

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून ते वाण खाऊन संपवलं. बाकीच्यांना माहीत नव्हतं, मला होतं.

वेल पंधरवड्यात वाळला. मी नामपूरला जाऊन आलो, कुणाला न सांगता. कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या गर्दीतून भाजीबाजार शोधला, आखूड, पट्टेरी गिलकं म्हणून विचारत फिरलो. एक म्हातारी हसली. "ते वान आते कोठे शे, दादा? समदा पाकीटनंच लावतस." संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

मे महिन्यात मी पंचवटीतल्या दुकानातून गिलक्याचं पाकीट आणलं. त्या बियांना गुलाबी औषध चोळलेलं असतं. ते मी नळाखाली धुतलं, पुन्हा धुतलं, बिया उन्हात वाळवल्या, राख लावली आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून नेल्या. दुप्पट. गिलक्याचं बी सगळं सारखंच, काळंभोर – कोण ओळखणार? टाळ्या पडल्या. ताईंनी ती पुरचुंडी कपाळाला लावली आणि सगळ्यांना दोन-दोन बिया वाटल्या.

ऑगस्टच्या बैठकीत बर्वे सरांनी त्यांच्या वेलाची गिलकी आणली. लांबसडक, गुळगुळीत, पट्टा नाही. भजी झाली. ताईंनी एक खाल्लं, दुसरं हातातच धरून ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "हाई मन्ही मायनं गिलकं नही शे."

मला वाटलं, संपलं. आता सगळं बाहेर पडणार, आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर बरंही वाटलं. पण बर्वे सर मास्तर माणूस, त्यांनी समजावून सांगायला घेतलं. मधमाश्या कुठून कुठे जातात, शेजारच्या वेलाचा पराग लागला की बी बदलतं, शहरात असं फार होतं. काकांचा यात काही दोष नाही, म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि ताई माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू त्यांनीच माझं काही मोडलं आहे.

"मन्ही चूक, भाऊ," त्या म्हणाल्या. "माय फुलाले फडकं बांधे. मी तुमले सांगालेच इसरनू." परका पराग लागू नये म्हणून आई फुलाला फडकं बांधायची, ते मला सांगायचंच राहिलं म्हणे.

तेव्हा तरी बोलायचं. तोंड उघडायचं, एक वाक्य काढायचं. दूधवाल्यापुढे फुटला नव्हता तसाच माझा आवाज – नाही, ही पण थापच. आवाज चांगला फुटला. मी म्हणालो, "असू द्या हो ताई. मनाला लावून घेऊ नका." त्यांच्या पाठीवर हातही ठेवला. मी त्यांना माफ केलं, सगळ्यांदेखत.

याला आता काही वर्षं झाली. क्लबातलं बियाणं सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. मी पहिल्यापासून मन लावून करत होतो, म्हणून सरांनीच दिलं. नवीन माणसांना लाल दोरे मीच वाटतो. ताई आता गुडघ्यांनी थकल्यात, तरी लिफ्ट असेल तिथे येतात, आणि माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणतात.

गेल्या बैठकीत एका नव्या मुलीने विचारलं, फुलाला फडकं कशाला बांधायचं? ताईंनी तिला सगळी गोष्ट सांगितली. आईचं गिलकं, कुंपण, राखेतलं बी. माझ्या विसरभोळेपणाने गेलं बघ ते, म्हणाल्या. माझ्या भावाने किती जपलं होतं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "हो ना, भाऊ?"

मी मान हलवली.