घोडीला मागून ओलांडताना

आमच्या सायकल ग्रुपमध्ये आम्ही सात जण होतो आणि घंटी फक्त माझ्या सायकलला होती. बाकीच्यांनी काढून टाकली होती. वजन वाढतं म्हणे. ज्यांची पोटं नारिंगी शर्टात मावत नव्हती, त्यांना घंटीचं वजन जड होत होतं. मी हे एकदा बोलूनही दाखवलं. सगळे मनापासून हसले आणि घंट्या काही परत आल्या नाहीत.

इंग्लंडमधल्या मेडनहेडमध्ये येऊन मला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. हाय स्ट्रीटमागच्या एका फार्मसीत मी काम करत होते, आणि पन्नाशीनंतर गुडघ्यांसाठी सायकल धरली होती. ग्रुप मराठी माणसांचा. बहुतेक जण आयटीतले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मला ताई म्हणणारे. म्होरक्याला सगळे कॅप्टन म्हणत. माणूस तसा लाघवी. आम्ही नवरा-बायको एकदम तापाने आडवे झालो होतो तेव्हा याने चार दिवस दारात डबा ठेवला होता, वरण-भात आणि वर लिंबाची फोड. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढचं वाचून कुणी त्याला गुंड समजेल. तो गुंड नव्हता. म्हणूनच मला ते पचलं नाही.

टेकडीवरच्या बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून एक ब्रायडलवे जातो. ब्रायडलवे म्हणजे चालणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले अशा तिघांची वाट. खांबावर निळा बाण असतो. त्या वाटेवर सायकलवाल्याने इतर दोघांना आधी जाऊ द्यायचं, असा नियम आहे. तो वाटेवर कुठे लिहिलेला नसतो, आणि लिहून फार उपयोग होईल असंही मला वाटत नाही. कुत्र्याची घाण प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून ती पिशवी हॉथॉर्नच्या पांढऱ्या फुलांत लटकवून जाणारी माणसं त्याच वाटेवरची. कानात हेडफोनची बोंडं घालून अख्ख्या वाटेच्या मधोमध पळणारीही तिथलीच. हे सगळे गोरे, इथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यांची मला शिसारी यायची आणि मनातून थोडं बरंही वाटायचं, की आपण तरी असे नाही.

त्या वाटेच्या एका तुकड्याची वेळ सायकलच्या अ‍ॅपवर मोजली जायची. दोन खांबांमधलं अंतर कोण किती वेळात कापतो, त्याची यादी लागायची. कॅप्टन यादीत दुसरा होता. मेमधला तो रविवार कोरडा होता, वाट कडक झाली होती. चढ संपल्यावर तो मागे वळून म्हणाला, "आज मी जोरात जाणार. लाइन तोडू नका, माझ्या मागे चिकटून राहा."

वळण संपलं आणि समोर एक घोडी दिसली. तपकिरी, सावकाश चालणारी. पाठीवर लांबून दिसणारं, चमकतं पिवळं हाय-व्हिज जाकीट घातलेली एक म्हातारी बाई. आम्ही मागून येत होतो. आमचा आवाज ऐकून तिने न वळता उजवा हात बाजूला काढला आणि हळूहळू खालीवर केला. हळू या, असं. लहान मुलालाही समजेल अशी खूण होती ती.

"साइड, साइड!" कॅप्टन ओरडला आणि तिच्या पायाला जवळजवळ घासून गेला. घोडी बाजूला उडाली. बाई "स्लो डाउन!" म्हणून ओरडली. तेवढ्यात दुसरा गेला, तिसरा गेला. पायडल थांबवलं की मागच्या चाकातून टिकटिक आवाज येतो, तो आवाज करत चौथा, पाचवा. सहावा गेला तेव्हा घोडी जागच्या जागी गर्रकन फिरली आणि बाई खाली आली. धप्प असा आवाज आला. घोडी लगाम ओढत झाडीत घुसली.

मी शेवटची, सातवी. मी ब्रेक दाबला होता. पाय टेकणारच होते. पुढून कुणीतरी ओरडलं, "चला, चला, ताई!" आणि मी तिला वळसा घालून पुढे गेले. त्या वयाची एक बाई खाजकुइलीसारख्या झोंबणाऱ्या नेटल्सच्या झुडपात पडली आहे हे बघत मी पुढे गेले. सगळे गेले म्हणून गेले, एवढंच.

दोनेकशे मीटरवर लाकडी गेट होतं. तिथे सगळे थांबले होते. कॅप्टन मोबाइल बघत होता.

"पहिला नंबर! आठ सेकंदांनी!"

"अरे, ती बाई पडली," मी म्हणाले.

"उठेल हो, ताई. घोड्यावरून पडायची सवय असते या लोकांना."

"उठलेली नाही. ते बघ."

दुसरा एक जण हळू आवाजात म्हणाला, "ताई, थांबलो तर नाव-गाव विचारणार, पोलीस येणार. आपण इथे बाहेरचे. उगाच कशाला?"

बाकीचे बुटांकडे बघत होते. एकाने केळं सोलायला घेतलं. मी सायकल फिरवली. माझ्यामागून कुणी आलं नाही.

बाई बसती झाली होती. डावा हात उजव्या हाताने छातीशी धरलेला, चेहरा खडूसारखा. मी जवळ बसले तर म्हणाली, "माझं राहू द्या. माझी घोडी कुठे गेली ते बघा आधी." मी नऊशे नव्याण्णव या तातडीच्या नंबरला फोन लावला आणि खांबावरचा आकडा वाचून जागा सांगितली. तिने सांगितलेल्या नंबरवर तबेल्यातही कळवलं. मग माझं जाकीट तिच्या खांद्यावर टाकलं आणि आम्ही वाट बघत बसलो. मधे एक जण पळत आला, कानात बोंडं. वाटेत आलेल्या तिच्या पायांवरून त्याने उडी मारली, "सॉरी!" म्हणाला आणि पळत राहिला.

बाईने माझ्याकडे नीट बघितलं.

"तुम्ही त्यांच्यातल्याच ना?"

"नाही," मी म्हणाले. "मी मागून येत होते."

माझ्या अंगात तोच नारिंगी शर्ट होता. छातीवर ग्रुपचं नाव देवनागरीत छापलेलं. तिची नजर त्यावर क्षणभर थांबली आणि ती झाडांकडे बघू लागली. पुढे अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत ती माझ्याशी फक्त घोडीबद्दल बोलली. एकवीस वर्षांची आहे, म्हणाली. तोफ उडाली तरी हलायची नाही. फक्त मागून न सांगता आलेलं तिला कळत नाही.

दुपारी ग्रुपवर कॅप्टनच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ आला. बाई पडताना दिसत नाही म्हणून सहावा जण हळहळला होता. मग त्याच्या स्वतःच्या, चारही बाजूंचं टिपणाऱ्या कॅमेऱ्यातला तुकडा आला, त्यात सगळं दिसत होतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं: घोडी बिथरली, मॅडम विखुरली. त्याखाली हसरे चेहरे, ओळीने. यातल्या एकाच्या मुलीला मी मराठी शिकवते. दुसऱ्याची आई सहा महिने इथे येऊन राहते तेव्हा तिच्या गोळ्या मी डब्यात वारानुसार लावून देते. तिचंही वय साधारण त्या बाईएवढंच.

तबेल्यातून मला फोन आला होता. मी लिहिलं: त्या बाई हॉस्पिटलमध्ये आहेत. गळ्याजवळचं हाड मोडलंय आणि मनगटही.

मग एकेक करून सगळं पुसलं जाऊ लागलं. व्हिडिओ गेले, ती ओळ गेली, हसरे चेहरे गेले. कॅप्टनचा फोन आला.

"ताई, तुमच्या फोनमध्ये व्हिडिओ उतरला असेल तर प्लीज काढून टाका."

"उतरलाय."

"माझा सिटिझनशिपचा अर्ज चालू आहे, ताई. तुम्हाला माहीत आहे."

"मग जाऊन माफी माग. मी येते बरोबर."

"माफी म्हणजे कबुलीच ना ती?"

आवाज घाबरलेला होता आणि मला त्याची कीवही आली. पण वरण-भातावर लिंबाची फोड ठेवायला ज्याला सुचतं, त्याला एवढं एक वाक्य सुचू नये? त्याने एकदाही विचारलं नाही, की बाई कशा आहेत.

पंधरा दिवसांनी मीच गेले. तबेल्यातून पत्ता मिळाला. छोटं विटांचं घर, दारात चिखलाचे बूट. हात गळ्यात बांधलेला, तरी तिने स्वतःच चहा केला. मी कप हातात घ्यायच्या आधी बोलून टाकलं, "मी तुमच्याशी खोटं बोलले. मी त्यांच्यातलीच होते."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी पडले तिथून गेट दिसतं. सात नारिंगी शर्ट उभे होते. मी मोजले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं."

इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळं नसतं, पण त्यानंतर तिचं 'यू' मला 'तू' असंच ऐकू येऊ लागलं.

"तू परत आलीस तेही पाहिलं," ती म्हणाली. "पण आधी गेलीस."

मी तिला व्हिडिओ दाखवला. तिने तो दोनदा बघितला. स्वतःचं पडणं तिने बघितलंच नाही. बोट ठेवलं घोडीच्या कानांवर. "हे बघ. पहिला येतोय तेव्हाच कान मागे गेलेत. ती केव्हाची सांगतेय." मग मला समजावून सांगितलं, जसं एखाद्या नवख्याला सांगावं. घंटी नाही वाजवायची, त्यानेही काही घोडी दचकतात. लांबूनच माणसासारखा आवाज द्यायचा, 'गुड मॉर्निंग, जाऊ का पुढे?' एवढं. घोडीला माणसाचा आवाज कळतो, म्हणजे मागे आहे ते जनावर नाही हे कळतं. मग स्वार 'हो' म्हणेपर्यंत थांबायचं, आणि जाताना लांबून, सावकाश जायचं. सगळं मिळून अर्धं मिनिट लागतं.

पोलिसांत जायचं नाही म्हणाली. "त्या पहिल्याला इथे पाठव. मला त्याला बघायचंय."

तो आला. मी आग्रह धरला म्हणून, की व्हिडिओच्या भीतीने, मला ठाऊक नाही. बूट दाराबाहेर नीट जोडीने काढून ठेवले, काजूकतलीचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला. आणि मग बोलायला लागला. वाट तिथे किती अरुंद आहे, सूर्य डोळ्यांवर कसा होता, चूक खरं तर दोन्ही बाजूंनी कशी होते. बाई ऐकत राहिली. तो दमल्यावर तिने विचारलं, "तुम्ही गेटपाशी थांबून माझ्याकडे बघितलंत. काय वाटलं तेव्हा?"

तो माझ्याकडे बघू लागला, जणू हे भाषांतर करून हवं होतं. मग "सॉरी" म्हणाला. खरंच म्हणाला असेल. पण लगेच पुढे म्हणाला, "तो व्हिडिओ मात्र डिलीट झाला तर बरं होईल."

बाईने काजूकतलीचा डबा त्याच्या हातात परत दिला. अगदी शांतपणे. "मला गोड चालत नाही," म्हणाली.

तो गेल्यावर मी व्हिडिओचं काय करू असं विचारलं. "तुझं तू बघ," म्हणाली. मी तो तिच्यासमोरच पुसला. त्याच्यावर उपकार म्हणून नाही. तो माझ्या खिशात आहे हे मला सहन होत नव्हतं. त्यात सातवी सायकल माझी होती.

हाड जुळलं. मनगट थोडं वाकडं राहिलं. घोडी मात्र पुन्हा त्या वाटेवर गेली नाही. सायकलची टिकटिक आली, की घाम फुटून थरथरायची. तबेल्यामागच्या कुरणातच ठेवली तिला. बाई रोज दुपारी तिथे जाऊन कुंपणाशी उभी राहते. मी अधूनमधून जाते. एकदा म्हणाली, "चालायला काही हरकत नाही. पण सहा फुटांच्या उंचीवरून जग वेगळं दिसायचं." एवढंच. नंतर गाजर मोडून माझ्या हातात दिलं.

ग्रुप मी सोडला. कुणी भांडलं नाही. ग्रुपमध्ये आता माझा विषय निघत नाही, इतकं कळलं. "ताई जरा इमोशनल आहेत," असं कुणीतरी माझ्या नवऱ्याला म्हणालं.

सप्टेंबरमध्ये कौन्सिलच्या हॉलमध्ये गणपती होता. आरतीनंतर पंगत. वाढायला कॅप्टनच, झब्बा घालून, घामाघूम. ओळीत एक थकलेल्या आजी उभ्या होत्या. तो सगळ्यांना हातांनी मागे सारत होता, "जरा बाजूला व्हा, आजींना पुढे येऊ द्या." त्यांना खुर्ची आणली, पान धरलं, पाणी दिलं. खोटं नव्हतं ते, हे मला शपथेवर सांगता येईल. मग माझ्यापाशी आला, वाकला आणि म्हणाला, "ताई, मोदक? एक तरी घ्या ना."

पान तसंच ठेवून मी उठले आणि गाडीत जाऊन बसले.