पाण्यात उतरलेली टायरची खूण

गेल्या डिसेंबरात, धुक्याच्या सकाळी, बदलापूरजवळ बारवीच्या जंगलात माझा सायकलवरचा सोबती दिसेनासा झाला. आमची पद्धत ठरलेली होती: फाट्यावर पुढच्याने आपल्या वाटेवर हिरवी फांदी ठेवायची. फांदी दिसली, म्हणून मी त्या वाटेने उतरलो. चिखलात एका सायकलच्या टायरची ताजी खूण होती. ती थेट जलाशयात गेली होती आणि परत आलेली नव्हती. मी हाका मारत राहिलो. उत्तर मागच्या झाडीतून आलं.

"बोंबलतोस काय? पंक्चर काढत बसलो होतो, तू बाजूने निघून गेलास."

"मग फांदी कुणी ठेवली?"

"तूच ना?"

आम्ही जवळच्या पाड्यावर जाऊन सांगितलं. तिथल्या माणसांनी दुपारपर्यंत सगळा काठ पाहिला. पाण्यातून बाहेर आलेली खूण कुठेही सापडली नाही.