राग आल्याशिवाय प्रवेश नाही

पेडगावात महारुद्रची पिठाची गिरणी जेवढा आवाज करी, त्याहून जास्त दळण आणणारी मंडळी करीत. महारुद्रला वाचायचा भारी नाद. दळण होईस्तोवर तो कादंबरीची गोष्ट सांगे, आणि डबे घेऊन बसलेली माणसं त्यातल्या पात्रांना शेजाऱ्यापाजाऱ्यांसारख्या शिव्या घालीत. त्यातूनच मोबाइलवर ‘दळण’ नावाचा ग्रुप निघाला. नियम एकच: पुस्तकातल्या कुणाचा राग आला ते आधी सांगायचं, कौतुक मागून. ज्याला कुणाचाच राग आला नाही त्यानं पुस्तक वाचलेलंच नाही, असं महारुद्र छातीठोकपणे सांगे.

ग्रुपची खरी तोफ म्हणजे शेळ्या राखणारी दगडाबाई. अक्षराशी तिचं वाकडं. सून शिवकन्या वाचून दाखवी आणि म्हातारी फोन तोंडाशी धरून बोले. एका कादंबरीतल्या कवडीचुंबक मामाची तिनं बिनपाण्यानं केली, ते बोलणं कुणीतरी पुढं पाठवलं आणि ते नाशिक-पुणे फिरून पार दुबईला पोचलं. मग काय, ग्रुपात माणसं मावेनात. महारुद्र हरभऱ्याच्या झाडावर चढला तो उतरेचना.

नवी मंडळी सभ्य होती, हाच घोळ झाला. सकाळी फुलं, दुपारी सुविचार, आणि पुस्तक कुठलंही असो, ‘अप्रतिम’, ‘भावस्पर्शी’. परभणीच्या योगीराज सरांनी सुचवलं, “आदरणीय महारुद्रजी, भाषा जरा सुसंस्कृत ठेवू या.” आदरणीय म्हटलं की माणसाची निम्मी अक्कल तिथंच गहाण पडते. महारुद्रनं नियम गुंडाळला, आणि दगडाबाईच्या पुढच्या बोलण्यात ‘मुडदा’ हा शब्द आला म्हणून ते पुसून टाकलं.

दगडाबाई गप्प झाली. पाठोपाठ गावची सगळी मंडळीही गप्प झाली. गिरणीत माणसं डबा ठेवून निमूट घरी जाऊ लागली, तेव्हा महारुद्रचं डोकं ठिकाणावर आलं. त्याला फार एकटं वाटलं. तो उठून दगडाबाईच्या गोठ्यात गेला.

“मावशी, तू बोलंना गेलीस. करमंना गेलंय बघ.”

“माझंच बोलणं पुसतूस, अन् वर मलाच इचारायलास?” दगडाबाई धार काढता काढता म्हणाली. “पाव्हणे लय झालेत तुझे. त्यांनाच सांभाळ जा.”

महारुद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं तिथंच जुना नियम परत लावला आणि ग्रुपची राखणदारी तिच्या हाती दिली. “आता तू म्हणशील तोच आत.”

म्हातारीनं कंबर कसली. नवा-जुना, एकेकाला गाठून विचारलं, राग कुणाचा आला. फुलंवाले पळाले. योगीराज सर मात्र एका कादंबरीतल्या सासऱ्यावर असे काही घसरले, की दगडाबाई खूश झाली. दुबईकरांचीही जीभ सुटली. ग्रुप मोठाच राहिला, आणि पुन्हा कडाकडा भांडू लागला.

आणि एके दिवशी सगळ्यांदेखत तिचा आवाज आला, “म्हारुद्रा, तुझं ऱ्हायलं की रं. ह्या महिन्याच्या पुस्तकात तुला कुणाचा राग आला?”

पाहुण्यांच्या सरबराईत महारुद्रनं पुस्तक उघडलंच नव्हतं. घाबरून त्यानं लिहिलं, ‘अप्रतिम’.

“मुडद्या, बाहेर हो! वाच, अन् मग ये.”

दुबईपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. स्वतःच काढलेल्या ग्रुपातून महारुद्र मुकाट्यानं बाहेर पडला. गिरणी बंद करून तो वाचत बसला. डबेवाले बाहेर बोंबलत राहिले. शेवटचं पान संपलं तसा तो तडक दगडाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

“आला का राग?”

“आला, मावशी. त्या घरधन्याचा. पाव्हण्यांना पलंग दिले अन् घरच्या माणसांना अंगणात झोपवलं मुडद्यानं.”

दगडाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं.

“शिवकन्ये,” तिनं सुनेला हाक मारली, “घे गं ह्याला आत.”