पुलापलीकडचा जाळ

माझ्या धाकट्या भावाला राग येतच नसे. घरातला सगळा राग माझ्या वाट्याला आला होता. म्हणून मुंबईतल्या दंगलींनंतर, त्याच हिवाळ्यात, तो एका जहाल संघटनेच्या शिबिराला निघाला तेव्हा मी चक्रावलेच. संघटनेचा माणूस पेणहून आमच्या रोह्याला यायचा. तो कुणाला शिव्या देत नसे. नदीपलीकडच्या अष्टमीतल्या मुसलमानांबद्दल हळू आवाजात एवढंच म्हणायचा, ‘ते पूल ओलांडून येणार.’ आईची झोपच उडाली. मी चिडून नुसती बडबडत राहिले; घाबरलेल्या आईने मात्र स्वतःच्या हाताने पोराची पिशवी भरली. रागावलेला माणूस तोंड वाजवून मोकळा होतो, घाबरलेला माणूस पोटचा मुलगा देऊन टाकतो, हे मी तेव्हा पाहिलं. रविवारी जीप येणार होती.

त्याआधी एका संध्याकाळी अष्टमीच्या बाजूला शेतात जाळ दिसला. ‘जमले रे!’ कुणीतरी ओरडलं. भावासकट गल्लीतली पोरं काठ्या घेऊन पुलाच्या तोंडाशी उभी राहिली. आणि वाऱ्यावर आला भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास. पोपटी! मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी आणि तो पाला भरून भाजतात ती. दर थंडीत आम्हीही तेच करायचो. पण भीतीने सगळ्यांची नाकं चोंदली होती. माझं डोकंच फिरलं. मी तरातरा पुलावरून चालू लागले. बहिणीला एकटीला कसं सोडणार, म्हणून भाऊ मागोमाग धावला.

पलीकडेही पोरं काठ्या घेऊन उभी होती. जाळाजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्या मुसलमान बाईने मला हाक मारली.

“ये गो, बस. तुमची पोरं काठ्या घेऊन का उभी हायत? आम्हाला वाटलं, आता मारायला येतात.”

भाऊ ओशाळला. “आम्हाला वाटलं, तुम्ही येताय.”

म्हातारी खो खो हसत सुटली. मग तो, मग पलीकडची पोरं, आणि हसू ऐकून पूल ओलांडून आलेली आमचीही. गरम शेंगांनी तोंड पोळत असतानाच त्याने तिला रविवारी घरी जेवायला बोलावलं. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आईने ऐकता ऐकता भाताला आधण ठेवलं.

रविवारी जीप आली. “मी नाय येत,” भाऊ म्हणाला. तेव्हा त्या माणसाने आईकडे मोर्चा वळवला.

“मावशी, उद्या ते घरात घुसतील, तेव्हा काय कराल?”

माझा जीव टांगणीला लागला. आई पदर खोचून पुढे आली.

“उद्या कशाला? आत्ताच येतायत. जेवायला बोलावलंय मी.”

जीप रिकामी गेली. मी भर रस्त्यात टाळ्या पिटल्या.