सलूनसमोरचं क्लिनिक

कोथरूडमध्ये पाठदुखी नाही असं घर शोधून सापडायचं नाही, तरी सुरुचीच्या क्लिनिकात माशा मारायची पाळी आली होती. मणके हातांनी बसवण्याचं, म्हणजे कायरोप्रॅक्टिकचं, शिक्षण ती परदेशात पाच वर्षं राहून घेऊन आली होती. गाळ्याचा करार दिवाळीत संपणार होता. तोवर जम बसला नाही तर हॉस्पिटलातली जुनी नोकरी धरायची, असं तिने नवऱ्याला, अनिरुद्धला, स्वतःच सांगून ठेवलं होतं. आणि तिला परत जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

तिने सगळं करून पाहिलं. सोसायट्यांमधून पत्रकं वाटली. ज्येष्ठ नागरिक संघात मोफत तपासणी ठेवली; साठ जण आले, चहा पिऊन गेले. अनिरुद्धच्या हट्टापायी मान कडकन मोडल्याचा व्हिडिओही टाकला. ही मात्र घोडचूक झाली. येईल तो नुसता आवाजच मागायला लागला. एक निवृत्त हेडक्लार्क फी ऐकून म्हणाले, "अहो, समोरचा संभाजी दाढीवर फुकट मोडून देतो. आवाजही मोठा येतो."

सुरुची तडक रस्ता ओलांडून सलूनमध्ये शिरली, संभाजीला चांगलं सुनवायला. खुर्चीत पन्नाशीचे एक गृहस्थ होते आणि संभाजीचा हात त्यांच्या हनुवटीखाली पोचला होता.

"जरा जोरात रे," गृहस्थ सांगत होते. "महिनाभर बोटांना मुंग्या येतायत, शर्टाची बटणंसुद्धा लागत नाहीत."

"हात काढा आधी!" सुरुची ओरडली.

तिने गृहस्थांना मुठी आवळायला लावल्या, चालायला लावलं. पाऊल अडखळत होतं. "यांच्या मानेला मीसुद्धा हात लावणार नाही. आजच्या आज मणक्याच्या सर्जनकडे जा."

"म्हणजे तुम्हालाही जमत नाही," संभाजी म्हणाला.

"जमतं. पण कुणाची मोडायची नाही, हेही शिकलेय मी."

दहा दिवसांनी संभाजी क्लिनिकच्या दारात उभा राहिला, चपला बाहेर काढून. गृहस्थांचं ऑपरेशन झालं होतं. एक झटका बसता तर हातपाय कायमचे गेले असते, असं सर्जन म्हणाले होते.

"बावीस वर्षं माना मोडतोय मॅडम. कुणी सांगितलंच नाही." सुरुचीचा राग कुठल्या कुठे पळाला.

सोमवारी, सलूनच्या सुट्टीला, तिने त्याला समोर बसवून सगळं समजावलं. मंगळवारी सलूनच्या आरशावर पाटी लागली: 'येथे मान मोडून मिळणार नाही. आग्रह करू नये. समोर विचारावे.'

"आता त्याला कमिशन द्यायचं का?" अनिरुद्धने विचारलं.

"नको म्हणाला. खांदा बघा म्हणाला. बावीस वर्षं हात वर धरून उभा आहे तो, त्याचा खांदा कुणी पाहिलाय?"

दिवाळीच्या तोंडावर गाळ्याचे मालक आले. "बंदच करताय ना?" त्यांनी दारातूनच विचारलं.

बाकावर पाच जण बसले होते. पाचही जणांचे केस नुकतेच कापलेले, मानेवर पावडर तशीच.

"पाच वर्षांचा करार करा," सुरुची म्हणाली आणि पहिल्या पावडरवाल्याला तिने आत बोलावलं.