शेवटच्या रांगेतला बीकॉम

बीकॉमभाऊंना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. टाळी वाजवायला घेतली की ती हमखास भलत्याच ठिकाणी पडायची आणि माझे मालक, म्हणजे नवरा, जे ढोलकी वाजवत, त्यांच्याकडे डोळे वटारून बघायचे. हे बीकॉमभाऊ आमच्या गायन पार्टीचे मॅनेजर. आमचं गाणं चालू असताना ते आमच्याकडे पाठ करून लोकांची तोंडं निरखायचे. "गाणं मले समजत नाही ताई," ते म्हणायचे, "ऐकणारा समजते."

नागपूरला राहून ते खरोखरच बी.कॉम. झाले होते. कार्यक्रमाच्या कागदावर त्यांच्या नावापुढे ही पदवी माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापलेली असे. खेड्यातल्या लोकांना ते आडनावच वाटायचं. तेल्हाऱ्याला एका म्हाताऱ्याने त्यांना न्याहाळून विचारलं होतं, "बीकॉम? हे आडनाव इकडचं नाही वाटत. कोन्या गावचे?" भाऊंनी गंभीरपणे सांगितलं, "बडनेऱ्याचे." तेव्हापासून आम्हीही त्यांना बीकॉमभाऊच म्हणू लागलो.

बडनेऱ्याला त्यांचे वडील रेल्वेच्या गँगमध्ये होते. उन्हातान्हात रूळ ठोकून त्यांनी हा एक मुलगा शिकवला. धम्मदीक्षा नुकतीच झालेली, घराघरांतून पोरं शाळेत जाऊ लागलेली, आणि यांचा मुलगा तर थेट पदवीधर. अकोल्याला सरकारी कचेरीत नोकरीही लागली. तिथेच त्यांनी आमचा कार्यक्रम पाहिला. तेव्हा आम्ही धम्माची गाणी गात गावोगाव हिंडत होतो. कोणी जेवायला घालायचं, कोणी तेही विसरायचं. भाऊ दुसऱ्या दिवशी घरी आले आणि माझ्या मालकांना म्हणाले, "तुमच्यात गाणं हाय, पन धंदा नाही. मले घ्या." महिन्याभरात त्यांनी नोकरीवर लाथ मारली. आजही मला वाटतं, आम्ही त्यांना त्या दिवशी चहा पाजून परत पाठवायला हवं होतं.

धंदा मात्र त्यांनी उभा केला. कार्यक्रम ठरल्या वेळेला सुरू झाला पाहिजे, पार्टीला गावकुसाबाहेर नाही तर गावात उतरवलं पाहिजे, गाण्याच्या मध्ये कोणी भाषण ठोकता कामा नये, हे सगळं ते आधीच बोलून ठेवत. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, जिथे जाऊ तिथे माणूस माईना. बहुतेक गावांना भोंगा परवडायचा नाही. मग भाऊ टॉर्च घेऊन पार शेवटच्या रांगेमागे, बैलगाड्यांपाशी जाऊन उभे राहत. आवाज पोचला की टॉर्च लागायचा. विझलेला असला की मी समजायची, अजून वर. "मागच्याले ऐकू गेलं तं पुढच्याले जातेच," हे त्यांचं अर्थशास्त्र. चार-पाच वर्षं मी त्या उजेडाकडे बघून गायले आणि माझा आवाज परातीवर पळी मारावी तसा खणखणीत झाला. मला त्याचा फार गर्व होता.

भाऊंचे वडील मात्र त्यांच्याशी बोलत नव्हते. बोलले ते एकदाच, बडनेऱ्याच्या घरी, माझ्यासमोर. "रूळ ठोकून शिकवलं तुले, अन् तू ढोलकी वाहून राहिला! काहून शिकला रे मंग?"  परत येताना भाऊ मला म्हणाले, "बाबाचं बराबर हाय. गानं हवेत जाते. त्यायले हातात धरता येईल अशी चीज दाखवा लागते. तुमची एक रेकॉर्ड निघू द्या ताई, ती बाबाच्या हातात ठेवतो. मंग बोलतीन." त्या दिवसापासून या माणसाला दुसरं काही सुचलं नाही. मुंबईच्या एका कंपनीला ते इंग्रजीतून पत्रं लिहीत राहिले, आणि एकदाचं बोलावणं आलं.

रेकॉर्डिंगच्या खोलीत चारी बाजूंना गाद्या लावल्यासारख्या भिंती होत्या. भाऊंना काचेपलीकडे बसवलं. मी आमचा पाळणा सुरू केला. हाच पाळणा मी शेतातल्या हजार माणसांपुढे गायलेला. दुसऱ्या ओळीलाच यंत्रावरच्या माणसाने थांबवलं. "बाई, पाळणा गाताय ना? मूल दचकून उठेल. हळू गा." मी पुन्हा गायले. पुन्हा थांबवलं. हळू म्हणजे कसं, हेच मला कळेना. आवाज खाली आणला की सूर सुटायचा. काचेतून भाऊंकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा मेल्यासारखा झाला होता. शेवटी तो माणूस सौजन्याने म्हणाला, "आवाज दमदार आहे. हळू गायला शिका आणि तीन महिन्यांनी या."

ते सौजन्यच आम्हाला भोवलं. सरळ नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. अमरावतीला आमच्या घरी भाऊ दार लावून माझ्यासमोर हातभर अंतरावर बसू लागले. मालक दाराबाहेर उभे. त्यांना ऐकू गेलं की चूक. ज्या माणसाने माझा आवाज शिवारापार नेला, तोच आता तो उंबरठ्याच्या आत कोंडत होता आणि त्याचं त्यालाच वाईट वाटत होतं. कार्यक्रमात मला ना चढता येई ना उतरता. घसा धरू लागला. खेड्यातले लोक मागून ओरडत, "ताई, ऐकू नाही येऊन राहिलं!" बोलावणी कमी झाली. तीन महिने संपले तेव्हा माझा आवाज मुंबईला न्यायच्या लायकीचाही उरला नव्हता आणि दर्यापूरच्याही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

पार्टी मोडली. मालक गिरणीत लागले. भाऊंचं सरकारी नोकरीचं वय निघून गेलं होतं. त्यांनी अकोल्याला भोंगा आणि मशीन भाड्याने द्यायचं दुकान काढलं. लग्नात, बारशाला, जत्रेत ते दुसऱ्यांच्या रेकॉर्डी वाजवत. भेटलो की दोघंही हवापाण्याचं बोलायचो.

माझ्या नणंदेचं लग्न दर्यापूरला होतं. मशीन भाऊंचीच सांगितली. सकाळपासून रेकॉर्डी छान वाजत होत्या. लग्न लागल्यावर जुने ऐकणारे मागे लागले, "ताई, एक पाळणा होऊन जाऊ द्या." खरं सांगते, मलाही मोह झाला. वाटलं, आता माईक आहे, हळू गायलं तरी चालेल. पहिली ओळ निघाली. दुसरीला आवाज फाटला, आणि ती खरखर भोंग्यातून अख्ख्या मांडवावर पसरली. लोकांनी माना खाली घातल्या.

तेवढ्यात भोंगा बंद पडला. भाऊ उठून मोठ्याने म्हणाले, "मशीन जळाली. ताईचा दोष नाही, माही मशीन खराब हाय."

वरपक्ष भडकला. कोणी म्हणालं, मग रेकॉर्ड लाव. भाऊ म्हणाले, "वाजत नाही म्हनलं ना." वरात मुकी निघाली. नवऱ्या मुलाच्या मामाने चारचौघांत सुनावलं, "लग्नघरात मुकी मशीन आनली! पुन्हा या तालुक्यात धंदा कसा करतं ते पाहतो." भाऊ हात बांधून उभे होते. मी जवळ गेले तेव्हा मशीनवर त्यांचा रुमाल पडला होता, आणि रुमालाखाली तांबडा दिवा चालूच होता.

संध्याकाळी ते जीपच्या टपावर भोंगा बांधत होते. मी जेवणाचा डबा घेऊन गेले. मला रडू आवरत नव्हतं. म्हटलं, "भाऊ, मी पुन्हा शिकते. घसा सुधारला की आपण मुंबईला जाऊ."

दोरीची गाठ आवळत ते म्हणाले, "बाबा गेले ताई, पोळ्याच्या आधी. आता रेकॉर्डची घाई नाही."