चाखून दिलेलं जेवण

कुत्र्याला द्यायचं जेवण भाईसाहेब आधी स्वतः चाखून पाहत. गिरगावातल्या आमच्या वाडीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि हसून झाल्यावर लोक तिला सरावलेही होते. सकाळी कचेरीत जाण्याआधी, लांब कोट आणि पगडी चढवून, ते गॅलरीत येत. थाळीतल्या काल्यात बोट बुडवत, जिभेला लावत आणि डोळे मिटून थोडा वेळ उभे राहत. मग थाळी खाली ठेवत. तोवर पिल्लू शेपटीने गॅलरी झाडत असे. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हाही त्यांच्या थाटाचाच एक भाग असावा. थाट त्यांच्याकडे पुष्कळ होता.

मी त्यांच्या घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहत होतो आणि एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो. वर भाईसाहेब आणि त्यांची बायको माई, दोघंच. भाईसाहेब सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. थंडीच्या दिवसांत त्यांचा साहेब माहीमकडच्या पाणथळीत पाणलावे, म्हणजे दलदलीतले लहान पक्षी, मारायला जाई आणि भाईसाहेबांना सोबत नेई. दुसऱ्या दिवशी वाडीत बातमी यायची की ‘आम्ही शिकारीला गेलो होतो’. ह्या ‘आम्ही’त बंदूक साहेबाकडे असे आणि छत्री भाईसाहेबांकडे.

प्लेगच्या आधी काही वर्षं हा साहेब विलायतेला परत गेला. जाताना त्याने आपल्या पॉइंटर कुत्रीचं एक पिल्लू आणि कुत्रे पाळण्याविषयीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक भाईसाहेबांना भेट दिलं. पिल्लू पांढरं, कान तपकिरी, पाय अंगापेक्षा दोन वर्षं पुढे गेलेले. भाईसाहेबांनी त्याचं नाव ठेवलं मेजर. बंदुकीचा परवाना त्यांच्याकडे नव्हता, मिळण्याचं चिन्हही नव्हतं. पण कुत्रा शिकारी जातीचा होता, आणि शिकारी जातीच्या पिल्लाला काय खायला घालावं, हा प्रश्न त्यांनी हायकोर्टात नेण्याच्या तयारीने हाती घेतला.

संध्याकाळी मला वर बोलावणं येई. मी पुस्तक वाचायचं, अर्थ सांगायचा आणि भाईसाहेबांनी झोपाळ्यावर बसून ऐकायचं. पुस्तकाचं म्हणणं असं, की घर राखणारा कुत्रा कशावरही वाढतो. पण ज्याला पुढे दिवसभर धावायचं आहे त्याची हाडं भराभर वाढतात, ती वाकू द्यायची नसतील तर त्याला मांसाचा रस्सा आणि कुत्र्यांसाठी खास भाजलेली बिस्किटं द्यावीत. भात देऊ नये, भाताने पोट सुटतं आणि दम जातो. वाडीचं म्हणणं असं, की दूधभात द्यावा आणि गप्प बसावं. मीही वाडीच्याच बाजूचा होतो. भाईसाहेब दोन्ही पक्ष ऐकून घेत आणि म्हणत, “मास्तर, पोटात गेलेलं परत मागता येत नाही.” हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत, की मी ते मनातल्या मनात त्यांच्याआधी म्हणू लागलो होतो.

शेवटी पुस्तक जिंकलं. कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या, एका दुकानातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. ती बिस्किटं इतकी कडक, की भाईसाहेब ती अडकित्त्याने फोडत. मग मटणाच्या रश्श्यात भिजवत, चाखत आणि देत. माई ह्या सगळ्यात नसत. त्या पिल्लाला हात लावत नसत, नावाने हाक मारत नसत. थाळी पुढे गेली की आत निघून जात. एकदा भाईसाहेबांनी अडकित्ता मागितला, तर तो त्यांनी झोपाळ्यावर आणून ठेवला आणि म्हणाल्या, “इकडून डबा उघडला की मला वास सोसत नाही.” त्या नवऱ्याशी बोलताना ‘तुम्ही’ न म्हणता ‘इकडे’, ‘इकडून’ म्हणत, त्या काळच्या सगळ्याच बायकांसारख्या.

आठवडाभराने पिल्लू आजारी पडलं. पोट बिघडलं, पाय लटपटू लागले. मी वर गेलो तेव्हा भाईसाहेब डबा उजेडात धरून हुंगत होते. चेहरा असा, की मी पुस्तक न उघडताच खाली बसलो. रस्सा बंद केला होता, बिस्किटं बंद केली होती. दूध द्यावं का, मी विचारलं. दुधानेही वाढेल, म्हणाले. मग पेज? पेजेचंही काय सांगावं. थोडक्यात, सकाळपासून पिल्लाला नुसतं पाणी मिळालं होतं, कारण भाईसाहेबांना काही ठरवता येत नव्हतं. बरीच मोठी कचेरी चालवणारा माणूस तो. पिल्लू कशाने मरेल हे त्यांना माहीत नव्हतं, पण आपल्या हातून मरेल ह्याची खात्री होती.

“त्यालाही डब्यातलंच दिलं होतं,” ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं, की ह्या घरात एक मूल होतं. मी राहायला येण्याच्या पुष्कळ आधी. उष्टावण झाल्यावर भाईसाहेबांनी विलायती डब्यातलं बाळाचं पीठ आणलं होतं. साहेबाच्या मुलांना तेच देत, डॉक्टरनेही मान डोलावली होती. माईंनी बाळासाठी नाचणीचं सत्त्व करून ठेवलं होतं, नाचणी मोड आणून, वाटून, फडक्यातून गाळून, उन्हात वाळवून. भाईसाहेबांनी त्याला गावठी म्हटलं आणि घरात सक्त मनाई केली. पावसाळा सरता सरता बाळ गेलं. डॉक्टर म्हणाला, हा त्या साली सगळीकडे असलेला ताप, खाण्याचा संबंध नाही. “डॉक्टर म्हणाला,” भाईसाहेब म्हणाले आणि डब्याचं झाकण लावू लागले. ते नीट बसेना.

मुलाचं नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पिल्लू उभं राहिलं. दोन दिवसांनी गॅलरीत धावलं. भाईसाहेबांनी धीर करून बिस्किटं पुन्हा सुरू केली, थोडी थोडी, आणि चाखताना आता डोळे आणखी वेळ मिटलेले राहू लागले. मेजरची हाडं सरळ राहिली, छाती भरली. पुस्तकाचा विजय झाला असं मी मानलं.

पण त्याच सुमाराला मेजरने एक विचित्र सवय लावून घेतली. वरच्या मजल्यावर आतली एक खोली होती, तिच्या तुळईला पाळण्याच्या दोन कड्या होत्या. पाळणा नव्हता, नुसत्या कड्या. मेजर त्या खोलीत जाई आणि कड्यांखालच्या रिकाम्या जमिनीसमोर थांबे. पुढचा एक पाय उचललेला, नाक पुढे, शेपटी ताठ, अंगावरचा केसही हलत नसे. पक्षी दिसला की ह्या जातीचे कुत्रे असेच उभे राहतात, त्याला निशाण धरणं म्हणतात. मी ते भर दुपारी पाहिलं आणि मला तिथे थांबवेना. हा कुत्रा अजून एका पक्ष्याजवळही गेला नव्हता.

मी हसून म्हटलं, उंदीर असेल. भाईसाहेब हसले नाहीत. “तो पाय उचलतो तेव्हा समोर काहीतरी असतंच, मास्तर. जातच तशी आहे.” त्यानंतर त्या खोलीच्या दारावरून जाताना ते पगडी काढून हातात घेत. साहेबापुढेही त्यांनी ती काढली नसती.

थंडी आली तेव्हा मेजर जवळजवळ पुरा वाढला होता. त्याला त्याचा धंदा दाखवायचा म्हणून एका रविवारी भाईसाहेब त्याला अँटॉप हिलच्या पायथ्याच्या दलदलीत घेऊन निघाले. मी सोबत, आणि बंदुकीच्या जागी छत्री. गवताच्या एका पुंजक्यासमोर मेजरने निशाण धरलं, अगदी घरी धरतो तसं. भाईसाहेबांनी छत्री खांद्याला लावली. मला हसू आवरेना. पाणलावा भर्रकन उडाला, वेडावाकडा वळत खाडीकडे गेला, आणि मेजरने उचललेला पाय हळूच खाली ठेवला. भाईसाहेब छत्री खाली घ्यायला विसरले होते. “पाहिलंत? होतंच,” ते म्हणाले. “समोरचं गेल्याशिवाय तो पाय ठेवत नाही.”

आम्ही ठरल्यापेक्षा लवकर परतलो. मेजर जिना चढून सरळ आतल्या खोलीत गेला आणि लपलप असा आवाज आला. भाईसाहेब दारात गेले, त्यांच्या मागे मी. कड्यांखाली, भिंतीला लागून असलेल्या पेटीच्या आडोशाला, मेजर एक वाटी चाटत होता. वाटी चांदीची होती, लहान, उष्टावणाला आणतात तशी. माई पेटीशी उभ्या होत्या. त्यांना पळायला वेळ मिळाला नव्हता.

भाईसाहेब खाली बसले. मेजरचं तोंड बाजूला करून त्यांनी वाटीच्या कडेचं बोटावर घेतलं आणि सवयीने जिभेला लावलं. डोळे मिटले.

“सत्त्व,” ते म्हणाले.

“नुसतं पाणी पाजून ह्याला मारायला निघणं झालं होतं,” माई म्हणाल्या. “तेव्हापासून रोज देते.”

मी खाली जायला वळलो, तेवढ्यात माईंचा आवाज पुन्हा आला, आणि तो इतका सपाट होता, की पाय उचलेना.

“त्यालाही देत होते. ह्याच वाटीतून, इथेच बसून. इकडे कळू न देता. डब्यातल्याने त्याचं पोट भरत नव्हतं, रडायचा. मी नको म्हणून सांगितलेलं दिलं, आणि तो गेला.”

एवढी वर्षं एका छताखाली दोघांनी एकाच मुलाचा जीव घेतल्याचं ओझं वाहिलं होतं, प्रत्येकाने एकट्याने, आणि दुसऱ्याला कळू नये म्हणून जपून. बाहेर एक कोळीण बोंबील विकत होती. भाईसाहेबांनी मेजरच्या पाठीवरून हात फिरवला, पाय चाचपले, बरगड्या चाचपल्या, एखादा कागद पुन्हा पुन्हा वाचावा तसं.

“म्हणजे ह्याने दोन्ही खाल्लं. डब्यातलंही आणि तुझंही.”

“हो.”

“आणि दोन्ही पचलं.”

“ह्याला पचलं,” माई म्हणाल्या, आणि मग पहिल्यांदाच खाली बसून त्यांनी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला.

कुत्र्याच्या पोटावरून माणसाच्या मुलाचा निवाडा होत नाही, एवढं तर्कशास्त्र मी शिकलो होतो. ते त्या खोलीत बोलून दाखवण्याइतका मूर्ख मात्र मी नव्हतो.

त्या दिवसापासून वाटी गॅलरीत आली. भाईसाहेब बिस्किट सत्त्वात भिजवू लागले, पुस्तकात नसलेलं काहीतरी. आणि मेजरने आतल्या खोलीत निशाण धरणं सोडलं. मला त्यात काही नवल वाटलं नाही. वाटीचा वास तिथे होता म्हणून तो उभा राहत होता, वाटी हलली, वास गेला. मी हे भाईसाहेबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कड्यांकडे पाहत म्हणाले, “गेला, मास्तर. पाय ठेवला त्याने.” मग पगडी डोक्यावर नीट बसवून कचेरीत गेले.

प्लेग आला तेव्हा वाडी रिकामी होऊ लागली. भाईसाहेब प्लेगने गेले नाहीत. त्याच दिवसांत साध्या तापाने गेले, पण भीतीच अशी होती, की खांदा द्यायला माणसं जमवावी लागली. ज्यांनी त्यांच्या शिकारीच्या गोष्टी वर्षानुवर्षं ऐकल्या होत्या, त्यांची दारं बंद होती.

काही दिवसांनी माई माहीमला भावाकडे निघाल्या. गाडी खाली उभी होती. गाठोडी उतरवून द्यायला मी वर गेलो, तर मेजर माजघरात उभा. एक पाय उचललेला, नाक पुढे, शेपटी ताठ. समोर झोपाळा होता, रिकामा. झोपाळ्याखाली वाटी नव्हती, थाळी नव्हती, हे मी वाकून पाहिलं. किती वेळ उभा आहे, मी विचारलं. सकाळपासून, माई म्हणाल्या, आणि काही खात नाही.

त्यांच्या हातात चांदीची वाटी होती, निघण्याआधी केलेल्या सत्त्वाची. त्या झोपाळ्यापाशी आल्या. वाटीत बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. मग झोपाळ्याच्या रिकाम्या पाटाकडे पाहून, रोजचंच काही सांगावं तशा, म्हणाल्या, “चाखलंय मी.”

त्यांनी वाटी खाली ठेवली. मेजर आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने उचललेला पाय हळूच जमिनीवर ठेवला आणि तो जेवायला आला.